दोनाडकर सरांचा वायरस

दोनाडकर सरांबद्दल चांगलं लिहायचं तर दोन ओळी पुरतात. त्या आधीच लिहून टाकते, म्हणजे मागाहून माझ्यावर आळ नको. सर वेळेवर शाळेत यायचे. आणि त्यांनी कधी कोणाकडून फुकटचा चहासुद्धा घेतला नाही. झालं. आता मला मोकळेपणाने बोलू द्या.

एकवीस वर्षं मी या माणसासमोर स्टाफरूममध्ये बसले. आमची शाळा दिघोरीच्या पुढे, तलावाला लागून. मी मराठी शिकवते, ते विज्ञान शिकवायचे. माझं बालपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील फॅक्टरीत होते. बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांची फळी हेच आमच्या घरातलं फर्निचर. विज्ञान शिकवणारा माणूस म्हणजे सतत शंका काढणारा, स्वतःवरसुद्धा शंका घेणारा, अशी माझी बाळबोध समजूत. दोनाडकर सरांनी ती पहिल्याच आठवड्यात दूर केली. मी डबा खाता खाता सहज विचारलं, "सर, इकडे चिमण्या फार कमी दिसतात, नाही?" सरांनी घास खाली ठेवला, चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"तांब्याची कमतरता," ते म्हणाले.

"चिमण्यांना?"

"चिमण्यांनाही आणि तुम्हालाही. सिद्ध झालेली गोष्ट आहे मॅडम."

ते वर्ष तांब्याचं होतं. सरांचं असंच असायचं. त्यांच्याकडे एका वेळी एकच कारण असे आणि जगातलं सगळं त्या एका कारणाने होत असे. तांब्यानंतर आम्लपित्त आलं. मग मुलांचं नापास होणं, सुनेचं माहेरी निघून जाणं, धानावरचा करपा, सगळं आम्लपित्ताने. त्यानंतर दोन वर्षं मोबाईलच्या टॉवरची होती. आणि करोना येऊन गेला तसा सरांना वायरस सापडला, आणि मग काय विचारता! जगाचं कोडं सुटलं. माणूस अगदी फुलून आला. बाकीचे आम्ही आपापली माणसं पोचवून थकलो होतो आणि हे गृहस्थ जावई घरी आल्यासारखे वायरसचं कौतुक करत फिरत होते.

दिसायला सर एकदम टवटवीत. रोज सकाळी तास-दीड तास घरासमोर खाटेवर उघड्या अंगाने, जवसाचं तेल चोपडून उन्हात बसायचे. रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला तिथूनच हाक. "ऊन घेत जा रे. फुकटचा डॉक्टर आहे." टक्कल असं चमकायचं की वळणावरूनच सर घरी आहेत हे समजायचं. शर्टाच्या खिशात भिंग. ते शाळेच्या प्रयोगशाळेचं होतं, साठा नोंदवहीत त्याच्यापुढे 'हरवले' असं लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या भिंगातून ते माणसाची नखं, जीभ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघायचे आणि निदान सांगायचे. आकडा ठरलेला. शंभर टक्के. नव्वद टक्के म्हणून काही असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि त्यांची खरी कीर्ती होती चामखिळीची. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं बसलेली असायची. सर एका डबीत खायचा चुना आणि कपडे धुवायचा सोडा पाणी घालून कालवायचे, आगकाडीच्या बिनगुलाच्या टोकाने तो चिकट गोळा चामखिळीवर ठेवायचे. चरचर जळायचं. माणूस ओय ओय करायचा. आठ दिवसांनी खपली पडायची आणि चामखीळ गायब. असं जाळणारे म्हातारे आमच्याकडे गावोगाव होते, पण सर त्याला 'उपचारपद्धती' म्हणायचे आणि दहावीच्या वर्गात फळ्यावर त्याचं समीकरण लिहायचे. चुना अधिक सोडा, त्यातून दाहक सोडा. समीकरण अगदी बरोबर होतं, त्यात मी काही काढू शकत नाही.

एकदा सरपंचाच्या मानेवरची चामखीळ पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी जाळली. मान सुजून एका बाजूला कलली. झेंडावंदनाला सरपंच तिरप्या मानेने उभा, आणि अर्ध्या गावाला वाटलं की भाऊ पुन्हा कोणावर तरी रुसला. दोन माणसं त्याची समजूत काढायला त्याच्या घरी जाऊन आली. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मुळं खोल होती. वायरसची मुळं."

वायरसला मुळं! मी कपाळावर हात मारला आणि वर्गावर गेले. आता वाटतं, तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण स्टाफरूममध्ये आम्हाला त्यांची मजा वाटायची. आमचा क्लार्क हेमराज तर त्यांच्या नकला करून दाखवायचा. असा माणूस कोणाचं वाईट करेल हे ध्यानातच येत नाही.

आता शेवंताचं सांगते, कारण तिच्याशिवाय सर पुरते कळायचे नाहीत.

शेवंता आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. धिवराघरची पोरगी, भाऊ रतिराम तलावात जाळं टाकतो. जन्मतःच ती सूर्यमुखी. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. कातडी गुलाबी, उन्हात गेली की लाल, मग फोड, मग साल. डोळे उन्हात उघडायचेच नाहीत. गावातली पोट्टी तिला 'गोरी मेम' म्हणायची. लग्न कोणी जमवलं नाही. भावासोबत तलावावर जायची सोय नाही, कारण वरून तापतं तसं पाण्यावरूनही तापतं. पण आमच्या शाळेमागे जे किचन शेड होतं, दोन खिडक्या, त्याही धुराने काळ्या झालेल्या, तिथे ती राणी होती. पावणेदोनशे पोरांची खिचडी एकटी उतरवायची. मी एकदा म्हटलं, "शेवंताबाई, एवढ्या अंधारात जीव गुदमरत नाही का हो?" तर हसून म्हणाली, "मले अंधारातलंच काम पायजे होतं जी. गावात तेवढं एकच होतं, अन् ते मलेच भेटलं."

तिच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला दिवाळीच्या सुमारास एक खपली आली. आली, पडली, पुन्हा आली. मी म्हटलं, लाखनीला जाऊन डॉक्टरांना दाखवा. "कायले जी? सर हाएत ना."

सरांनी भिंग लावलं. अर्धा मिनिटही नसेल. "चामखीळ. शंभर टक्के."

जाळली. महिन्याने खपली होती तिथेच, थोडी मोठी. पुन्हा जाळली. तिसऱ्यांदा जाळली तेव्हा शेवंताने ओठ दाबून ठेवला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सर तिला म्हणाले, "हिंमत ठेव, विज्ञानाला वेळ द्यावा लागतो." फेब्रुवारी उजाडला तेव्हा कानाला भोक दिसावं अशी जखम झाली होती आणि तिच्या कडा वर उचललेल्या होत्या. वासही यायला लागला होता.

दुसरा एखादा माणूस इथे घाबरला असता. निदान गप्प बसला असता. दोनाडकर सरांना राग आला. चामखीळ त्यांचं ऐकत नव्हती म्हणजे काय! यात कोणीतरी मोठा शत्रू असला पाहिजे. आणि तो त्यांना त्याच आठवड्यात मोबाईलवर मिळाला.

स्टाफरूममध्ये त्यांनी तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. माणसाच्या कातडीवर काही वायरस राहतात आणि त्यांचा कातडीच्या कॅन्सरशी संबंध आहे. वाचून झाल्यावर आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हा शोध त्यांच्याच ओसरीवर लागला. मी मोबाईल मागून घेतला. माझा धंदाच मजकूर नीट वाचायचा. तिथे लिहिलं होतं की असा संबंध असण्याची शक्यता आहे, अभ्यास चालू आहेत, आणि बराच काळ ऊन लागलेल्या कातडीत हे वायरस उन्हाच्या जोडीने काही करत असावेत असा संशय आहे. 'शक्यता' सरांनी गाळली होती. 'संशय' गाळला होता. आणि ऊन तर सगळंच गाळलं होतं. आरोपी दोन होते, त्यातला एक सरांच्या रोजच्या बैठकीतला, म्हणून तो सुटला.

"सर, यात उन्हाचं पण लिहिलंय," मी म्हटलं.

"ते पाश्चात्त्य देशांसाठी. आपलं ऊन वेगळं आहे मॅडम."

मी हसले. हो, हसले. ते हसू आजही मला नकोसं वाटतं.

चार दिवसांनी शाळा समितीची सभा झाली. मुख्याध्यापक निवृत्त झाल्यामुळे सर प्रभारी होते, सभा त्यांनीच बोलावलेली. उभं राहून त्यांनी सांगितलं, की शेवंताच्या कानात वायरस आहे, कॅन्सर करणारा वायरस, आणि ती आपल्या लेकरांच्या ताटात वाढते. करोना होऊन फार दिवस झाले नव्हते. 'वायरस' म्हटल्याबरोबर बायांनी पदर नाकाला लावले. एक बाप म्हणाला, "माझा पोट्टा उद्यापासून खात नाही." दुसरा म्हणाला, "तिला काढा अगोदर, बाकीचं मंग पाहू." कोणीही त्यांना विचारलं नाही की सर, कालपर्यंत तुम्हीच त्या कानाला हात लावत होता, तुम्हाला काहून नाही झालं? मीही नाही विचारलं. माझं अक्षर चांगलं म्हणून प्रोसिडिंग बुक माझ्याकडे. मी मान खाली घालून वळणदार अक्षरात लिहिलं, 'विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने सर्वानुमते', आणि खाली सही केली. सर्वानुमते! त्या सर्वांत मी होते. सरांची जेवढी किळस मला येते त्यातला वाटा मी स्वतःसाठी काढून ठेवलाय, तेवढं समजून घ्या.

शेवंता दाराशी उभी होती. आत या असं कोणी म्हणालं नाही. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "मंग मी काय करू जी?"

सरांनी तिला उपचार सांगितला. तेही उदार मनाने, सगळ्यांसमोर. "रोज अकरा ते बारा कान उन्हाकडे करून बस. उन्हात वायरस मरतो. सिद्ध झालेलं आहे."

आणि ती बसली हो. खरंच बसली. सरांनी सांगितलं म्हणून. मार्चमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर मी धिवर मोहल्ल्यावरून जात होते तर ही अंगणात मधोमध, डोळे मिटून, पदर खांद्यावर टाकून, डावा कान वर केलेला. चेहरा लालबुंद, गळ्यावर फोड. मी पळतच आत गेले. "शेवंताबाई, वेड लागलं का तुम्हाला? सावलीत चला." ती म्हणाली, "अजून दहा मिन्टं हाएत जी. पुरे होऊ द्या." मी तिला हाताला धरून ओढलं. तेव्हा तिची वहिनी, रतिरामची बायको, आतून म्हणाली की सकाळी ही तलावातल्या गाळाच्या कामावर जाते, रोजगार हमीच्या. खिचडीचं काम गेलं, मग घरात बसून कोण खाऊ घालणार. तिथून साडेदहाला सुट्टी करून येते आणि कान तापवत बसते. म्हणजे जिला जन्मभर सावली पाहिजे होती तिला या विद्वानाने सकाळपासून उन्हात नेऊन उभं केलं. त्यातलं एक काम पोटासाठी आणि दुसरं औषध म्हणून.

मी तशीच सरांच्या घरी गेले. डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "सर, ती सूर्यमुखी आहे. तिला ऊन सोसत नाही हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. तिला मोठ्या दवाखान्यात पाठवा. मला नाही वाटत ती चामखीळ आहे."

सर रागावले नाहीत. खाटेवर जरा सरकून बसले आणि जे बोलले ते त्यांनी आधी कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. "माझी माय गेली तेव्हा मी सातवीत होतो मॅडम. पोट फुगून गेली. कोणी म्हणे करणी, कोणी म्हणे बाहेरचं. डॉक्टर म्हणे, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय? माणूस मरते अन् तुम्ही म्हणता सांगता येत नाही? तवापासून मी ठरवलं, विचारणाऱ्याला उत्तर देल्याशिवाय परत पाठवायचं नाही."

इथे मला दया यायला पाहिजे होती. आली, थोडी आली. पण त्या उत्तरांपैकी एकापायी शेवंता रोज अंगणात कान जाळून घेत होती. मी म्हटलं, "मग सर, उत्तर चुकलं तर?" त्यांनी माझ्याकडे खरोखर न समजल्यासारखं पाहिलं. प्रश्नच पोचला नाही. मी चप्पल घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली. रतिराम, शेवंता आणि मी, लाखनीला गाडी बदलून नागपूरला गेलो. शेवंताने पूर्ण प्रवास पडद्याआड काढला, रतिरामने खिडकीला गमछा बांधला होता. सरकारी दवाखान्यातली कातडीची डॉक्टर मुलगीच होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने पदर बाजूला केला आणि दिवा जवळ ओढला.

"हे कोणी जाळलं?"

"आमच्या सरांनी जी," शेवंता म्हणाली. "चांगले हाएत ते."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. तुकडा तपासायला गेला. आठवड्याने तिघं पुन्हा गेलो. उत्तर आलं होतं, कातडीचा कॅन्सर. मानेतली गाठही हाताला लागत होती. कान काढावा लागेल, जवळजवळ सगळा, आणि गाठही. शेवंताने विचारलं ते एवढंच, "मंग पोट्ट्यायले होते का जी हे? माझ्या हातानं?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "हातातून नाही, ताटातून नाही, कशातूनच नाही."

मला ते वायरसचं मनातून जात नव्हतं. विचारलं, यात त्याचा काही हात असतो का? मला वाटलं होतं ती हसेल. ती नाही हसली. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "असू शकतो. काही वायरस तुमच्या माझ्या, सगळ्यांच्या कातडीवर लहानपणापासून असतात. बहुतेकांना काही करत नाहीत. उन्हाने पेशींची मोडतोड होते, शरीर ती रोज दुरुस्त करतं. त्या दुरुस्तीत हे वायरस आडवे येत असावेत असा एक संशय आहे. किती आणि कोणामध्ये, ते अजून आम्हाला पक्कं माहीत नाही. पण हिच्या कातडीत उन्हाला अडवणारा रंगच नाही मॅडम. हिच्याबाबतीत ऊन काय करतं ते मात्र पक्कं माहीत आहे. हिला सावलीत ठेवा."

एवढी शिकलेली मुलगी सरळ 'पक्कं माहीत नाही' म्हणाली, आणि मला तिचा केवढा आधार वाटला! निघताना मी तिच्याकडून मराठीत पत्र लिहून घेतलं. सरांशी गाठ आहे हे मला माहीत होतं, म्हणून म्हटलं, सगळं लिहा, काही सोडू नका. वायरसचंसुद्धा. तिने लिहिलं.

ऑपरेशन झालं. मग किरणांचे शेक दिले. शेवंता बारीक झाली, पण उभी राहिली. कानाच्या जागी चपटी गुलाबी वळी उरली, आणि मानेवर खाली उतरलेला टाक्यांचा वण. शाळा उघडल्यावर जुलैमध्ये ती पत्र घेऊन आली. मी मुद्दाम समितीच्या सभेच्याच दिवशी बोलावलं होतं. यावेळी मी तयारीने गेले होते. मनात सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं, सरांना तोंड लपवायला जागा ठेवायची नाही असं.

सरांनी पत्र हातात घेतलं. खिशातून भिंग काढलं. पहिली ओळ, संसर्गजन्य नाही. दुसरी ओळ, स्वयंपाकाचं काम करू शकते. तिसरी, उन्हापासून पूर्ण संरक्षण आवश्यक. सर वाचत गेले, चेहरा पडत गेला, आणि मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या होत होत्या. मग ते शेवटच्या ओळीवर आले. थांबले. आणि बघता बघता माणूस उजळला हो!

"'त्वचेवरील विषाणूंची भूमिका असू शकते'," त्यांनी मोठ्याने वाचलं. पुढे 'मात्र ती सिद्ध नाही' असं होतं. ते वाचलं नाही. पत्र वर धरलं. "बघा! मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरनं लिहून देल्लं. मी काय म्हणत होतो? तेच म्हणत होतो ना?"

समितीतल्या लोकांनी माना डोलावल्या. एकजण तर म्हणाला, "सरांनी पहिलेच ओळखलं होतं बाप्पा." माझं जुळवलेलं भाषण घशातच राहिलं. ती ओळ मीच लिहून घेतली होती.

शेवंता दाराशीच उभी होती. तिने विचारलं, "सर, मंग मी उद्यापासून येऊ का नाही?"

"ये ना," सर म्हणाले. त्यांचं लक्षही नव्हतं. ते पत्राची घडी घालून खिशात ठेवत होते. "ये, ये. काहून नाही?"

बस, एवढंच. ज्याच्यासाठी तिचं काम काढलं, तिला गाळात उभं केलं, ते सगळं त्या एका ओळीच्या आनंदात ते विसरून गेले होते. तिला काढलं होतं ते आपलं बरोबर ठरावं म्हणून, आणि परत घेतलं तेही आपलं बरोबर ठरलं म्हणून. त्यात शेवंता कुठेच नव्हती. पण तिला तिचं शेड मिळालं, आणि मी प्रोसिडिंग बुकात ते इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर उमटलं.

पुढच्या मार्चमध्ये सर निवृत्त झाले. निरोप समारंभ शाळेच्या पटांगणावर. पाहुण्यांच्या खुर्च्यांवर मांडव, पोरं रांगेने समोर उन्हात. दुपारचे बारा वाजत आलेले. शाल झाली, श्रीफळ झालं, हेमराजने नक्कल न करता गंभीर भाषण केलं. मग सर माइकसमोर आले. तांबं, आम्लपित्त, टॉवर, सगळा इतिहास सांगून झाला, आणि मग म्हणाले, "एक उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर दाखवतो." आणि किचन शेडकडे तोंड करून हाक मारली, "शेवंता! ये इकडे."

ती समारंभाच्या मसालेभाताला लागली होती. डोक्यावरून पदर, वर रतिरामने आणून दिलेली मोठ्या काठाची टोपी, हात धुवत बाहेर आली. मांडवात जागा नव्हती. सरांनी तिला मांडवाच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. "टोपी काढ. पदर घे बाजूला. कान दाखव सगळ्यांले." तिने टोपी काढली. डोळे मिटलेले, हात कपाळावर आडवा. पोरं बघत होती. सर सांगत होते की वायरस कसा असतो, पहिल्यांदा कोणी ओळखला, नागपूरच्या डॉक्टरने कसं मान्य केलं. मी खुर्चीतून उठले होते. कशाला उठले ते मला अजून ठरवता आलं नव्हतं.

माइक जवळ होता म्हणून तिचं बोलणं सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. आवाज चढवला नव्हता तिने.

"सर, मले उनात नोका उभं ठेवू जी. मले डॉक्टरनं मनाई केली."

"एक मिनिट थांब," सर म्हणाले, "मुद्दा होऊ दे."

ती थांबली नाही. टोपी डोक्यावर ठेवली, पदर ओढला आणि पोरांच्या रांगेमधून सरळ निघाली. पोरांनी गुडघे आवळून तिला वाट दिली. पावणेदोनशे माना तिच्यामागे वळल्या, मांडवातल्या पाहुण्यांच्याही वळल्या.

सरांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही. खांद्यावर शाल, हात मांडवाबाहेर लांब केलेला, बोट त्या मोकळ्या जमिनीकडे, आणि तोंड चालू, "हा बघा कान. नीट बघा. शंभर टक्के." कोणीही तिकडे बघत नव्हतं. शेवंता शेडच्या दारातून आत गेली, आणि पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.